लांडग्याचा सुळा आणि पर्वताचं मूळ

तोंडातल्या टोकदार दाताला मराठीत सुळा म्हणतात आणि डोंगरातल्या टोकदार खडकाला सुळका. दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात. रायगडावर उभं राहून समोरच्या लिंगाण्याकडे एकदा पाहिलं, की ते का वाटतात हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. नॉर्वेच्या नकाशेकारांनी हेच नातं एका खऱ्या नकाशावर उतरवलं, तेही स्वतःच्या देशापासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकात.

अंटार्क्टिकाच्या ज्या भागाला क्वीन मॉड लँड म्हणतात, तिथे ७२ अंश दक्षिण अक्षांशाच्या किंचित अलीकडे, सपाट पांढऱ्या बर्फातून दगडी सुळक्यांची एक रांग वर आलेली आहे. रांग सरळ नाही, घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे. वरून पाहिलं तर कुणा जनावराचा खालचा जबडा बर्फात पडून राहिलाय असं वाटावं. तिचं नाव फेनरिसशेफ्टेन, म्हणजे फेनरिसचा जबडा. त्यातला सर्वांत उंच सुळका उल्वेताना, लांडग्याचा दात. आपण लांडग्याचा सुळाच म्हणू. शेजारी होल्ताना, म्हणजे पोकळ दात. पलीकडे शिनताना, गालातला दात, अर्थात दाढ. आणि या सगळ्या दातांच्या मधे जो बर्फ साठून राहिला आहे, त्याचं नाव फेनरिसतुंगा. फेनरिसची जीभ!

नकाशा काढणाऱ्या माणसांनी सुळा, पोकळ दात, दाढ आणि जीभ एवढं सगळं ठरवून एका जबड्यात बसवलं, हे कळलं तेव्हा मला त्या अनोळखी कारकुनांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. पण खरी गंमत पुढेच आहे. या जबड्याचं भूशास्त्र वाचायला घेतलं, की आपण ज्याला दात म्हणतोय ते मुळात दाताचं मूळ आहे, असं लक्षात येतं. त्या गोष्टीकडे वळायच्या आधी हा फेनरिस कोण ते पाहू.

फेनरिस ऊर्फ फेनरीर हा उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांमधला महाकाय लांडगा. कपटी लोकीचा मुलगा. देवांनी त्याला आपल्याजवळच वाढवला, पण तो दिवसेंदिवस असा वाढत गेला की देवांनाच धडकी भरली. त्याला बांधायला त्यांनी दोन लोखंडी साखळ्या घडवल्या. दोन्ही त्याने तोडल्या. मग त्यांनी बुटक्या कारागिरांकडून तिसरा बंध करून घेतला. तो रेशमाच्या फितीसारखा मऊ होता आणि सहा गोष्टींपासून बनवलेला होता : मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, पर्वताची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. लांडग्याला संशय आला. कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, तरच मी हे बांधून घेईन, असं तो म्हणाला. टिर नावाच्या देवाने हात ठेवला. बंध काही तुटला नाही, टिरचा हात मात्र गेला.

तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लसन याने ही कथा लिहून ठेवली. त्यात एक मिश्कील पुस्ती आहे. या सहाही गोष्टी त्या बंधासाठी वापरून संपल्या. म्हणून मांजर चालताना आवाज होत नाही, बायकांना दाढी नसते आणि पर्वतांना मुळं नसतात.

पर्वतांना मुळं नसतात, हे तेवढं लक्षात ठेवा.

आता हा प्रदेश. क्वीन मॉड लँडचं क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रासारखी जवळजवळ नऊ राज्यं त्यात मावतील. किनाऱ्याला तरंगत्या बर्फाचे रुंद पट्टे आहेत, त्यांच्यामागे हळूहळू चढत जाणारा बर्फ, आणि किनाऱ्यापासून दीडदोनशे किलोमीटर आत डोंगरांची एक तुटक माळ. माळेच्या पलीकडे ध्रुवाकडचं उंच हिमपठार. हे डोंगर त्या पठारासमोर धरणाच्या भिंतीसारखे उभे आहेत. मागून बर्फाचा दाब सतत येत असतो, आणि भिंतीत जिथे जिथे फट सापडते तिथून तो हिमनदी होऊन खाली उतरतो. अशा फटींमधली मोठी वाट यूतुलस्ट्राउमेन नावाच्या हिमनदीची. यूतुल हा नॉर्वेच्या लोककथांतला डोंगरात राहणारा राक्षस, आणि स्ट्राउमेन म्हणजे प्रवाह. राक्षसाची नदी.

बर्फातून डोकं वर काढणाऱ्या अशा डोंगराला जगभर नूनाटाक म्हणतात. हा शब्द ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा. पृथ्वीच्या उत्तर टोकाला पिढ्यानपिढ्या बर्फात राहिलेल्या माणसांचा शब्द असा दक्षिण टोकाला पोचला, कारण दक्षिणेत स्वतःचा शब्द द्यायला कुणी माणूसच नव्हता. अंटार्क्टिकातल्या नावांची सगळी गोष्ट इथून सुरू होते. सह्याद्रीतल्या कुठल्याही खिंडीला, घळीला, नेढ्याला नाव असतं ते तिथून रोज गुरं नेणाऱ्या धनगराने किंवा लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांनी दिलेलं असतं, आणि सरकारी मोजणीवाला नंतर येऊन ते फक्त टिपून घेतो. अंटार्क्टिकात मोजणीवालाच पहिला माणूस होता. इथलं एकेक नाव कुणीतरी टेबलाशी बसून, विचार करून, ठराव करून दिलेलं आहे. त्यामुळे या नकाशावर देणाऱ्याचं मन जेवढं उघडं पडतं, तेवढं दुसऱ्या कुठल्या नकाशावर पडत नसेल.

नॉर्वेच्या मनात राक्षस होते. १९५६ ते १९६० या काळात नॉर्वेच्या मोहिमेने इथे मोजणी केली, विमानातून छायाचित्रं घेतली, आणि त्यावरून नकाशे करताना हजारो टोकांना नावं द्यायची वेळ आली. मग घरची शिदोरी सुटली. डोंगराच्या कुशीतल्या एका रुंद बैठकीला यूतुलसेसेन, म्हणजे राक्षसाचं आसन, असं नाव मिळालं. नॉर्वेचं संशोधन केंद्र आज तिथेच आहे आणि त्याचं नाव ट्रोल. ट्रोल हाही डोंगरातला राक्षसच. आणखी पूर्वेला ट्रोलस्लोट्टे, राक्षसाचा किल्ला. किनाऱ्यावर तरंगणाऱ्या विस्तीर्ण बर्फाला फिम्बुल-इसेन म्हणतात. जग बुडण्याआधी लागोपाठ तीन हिवाळे येतील आणि मधे उन्हाळा येणारच नाही, असं त्या पुराणात म्हटलं आहे. त्या प्रचंड हिवाळ्याच्या नावातला ‘फिम्बुल’ हाच. अंटार्क्टिकातल्या हिमपट्ट्यासाठी याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. राक्षसांच्या या गर्दीत एक देऊळही आहे. योकुलशिर्क्या, म्हणजे हिमनदीचं चर्च. ३,१४८ मीटर उंचीचा हा डोंगर क्वीन मॉड लँडमधला सर्वांत उंच.

नावांच्या शेपट्यांकडेही लक्ष द्यायला हवं. ‘हामार’ म्हणजे तुटलेला कडा, ‘एग’ म्हणजे सुरीच्या पात्यासारखी धार, ‘स्कार’ म्हणजे खिंड, ‘ब्रे’ म्हणजे हिमनदी. ‘बोटन’ म्हणजे डोंगराच्या अंगात हिमनदीने उकरलेली परात, तीन बाजूंनी भिंती आणि एका बाजूने मोकळी. हे शब्द एकदा ओळखीचे झाले, की नकाशा नुसता वाचूनही जमिनीचा चढउतार डोळ्यांपुढे येतो. मला विचाराल तर नॉर्वेची खरी देणगी ही आहे. राक्षस हौसेचे, पण हे शब्द शेतकऱ्याच्या भाषेतले आहेत.

उल्वेतानासारखा सुळका घडतो तोही याच परातींमुळे. एका डोंगराला तीन-चार बाजूंनी हिमनद्या भिडतात. प्रत्येक हिमनदी पाठीमागचा खडक उपटत, उकरत डोंगराच्या पोटात शिरते. दोन परातींच्या मधे उरते ती धार, आणि सगळ्या बाजूंच्या पराती एकमेकींना टेकल्या की मधे उरतो तो सुळका. उल्वेतानाची उंची समुद्रसपाटीपासून २,९३१ मीटर आहे आणि आसपासच्या बर्फावर त्याच्या भिंती हजार मीटरहून जास्त, जवळजवळ सरळ उभ्या आहेत. १९९४ साली नॉर्वेच्या ईवार टोलेफसेन आणि त्याच्या दोन सोबत्यांनी त्याच्या माथ्यावर पहिल्यांदा पाय ठेवला. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचून तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती.

आज मात्र तिथे कोरीवकाम जवळजवळ थांबलेलं आहे. उकरायला हिमनदीच्या बुडाशी पाण्याचा ओलावा लागतो, तरच ती घसरते आणि खडक ओढून नेते. या डोंगरांच्या अंगाला चिकटलेला बर्फ तळापर्यंत गोठलेला आहे. तो खडकाला धरून बसतो. झिजवण्याऐवजी जपून ठेवतो, म्हणा ना. उन्हाळ्यातही हवा शून्याखालीच राहते, त्यामुळे भेगांत पाणी शिरून गोठायचं आणि खडक फोडायचा, हा हिमालयातला रोजचा उद्योगही इथे क्वचितच चालतो. काम सुरू आहे ते वाऱ्याचं. पठारावरची थंड, जड हवा उताराने किनाऱ्याकडे सुटते आणि नूनाटाकाला आपटून त्याच्या पायथ्याशी बर्फात खोल खंदक कोरते. इतर ठिकाणी हाच वारा वरचा भुसभुशीत बर्फ झाडून नेतो आणि खालचा जुना, दाबाने बुडबुडे पिळून निघालेला बर्फ उघडा पाडतो. तो निळा दिसतो, अगदी निळीच्या पाण्यासारखा. प्रकाशातला तांबडा भाग घट्ट बर्फात मुरतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. हा निळा बर्फ इतका टणक असतो की त्यावर चाकांची विमानं उतरवतात.

निळ्या बर्फाची आणखी एक करामत आहे. आकाशातून पडलेले दगड हिमपठारावर गाडले जातात आणि बर्फाबरोबर हजारो वर्षं वाहत येतात. डोंगराची भिंत आडवी आली की बर्फ थांबतो, वारा त्याचा वरचा थर उडवत राहतो, आणि दगड मागे उरतात. धान्य पाखडल्यावर सुपात खडे राहावेत तसे. १९६९ साली जपानी मोहिमेला क्वीन मॉड लँडच्या यामातो डोंगराजवळ असे नऊ उल्कापाषाण सापडले. तपासल्यावर ते वेगवेगळ्या जातींचे निघाले, म्हणजे ते एकाच वेळी पडलेले नव्हते, एकाच जागी गोळा झालेले होते. तेव्हापासून निळा बर्फ हे उल्का वेचायचं शेत झालं.

राक्षसांच्या आधी मात्र या नकाशावर दुसरी माणसं येऊन गेली होती, आणि तो भाग तितकासा गोड नाही. १७ डिसेंबर १९३८ रोजी जर्मनीच्या हॅम्बुर्ग बंदरातून श्वाबेनलांट नावाचं जहाज निघालं. मोहिमेचा प्रमुख आल्फ्रेड रिट्शर. जहाजावर बोरेआस आणि पासाट ही दोन समुद्री विमानं होती आणि ती डेकवरून गोफणीसारखी फेकून उडवायची सोय होती. हिटलरच्या जर्मनीला देवमाशांच्या शिकारीसाठी दक्षिणेत हक्काचा किनारा हवा होता. नॉर्वेला याचा सुगावा लागला आणि १४ जानेवारी १९३९ रोजी त्याने हा सगळा प्रदेश आपल्या अधिकाराखाली असल्याचं जाहीर करून टाकलं. मॉड ही नॉर्वेची राणी. दोनच महिन्यांपूर्वी ती वारली होती. या घोषणेनंतर पाच दिवसांनी जर्मन जहाज तिथे पोचलं.

पुढच्या तीनेक आठवड्यांत विमानांनी अकरा हजारांवर छायाचित्रं काढली आणि वाटेत स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे बाण बर्फात टाकले. जमिनीवर उतरून मोजणी कुणी केली नाही, त्यामुळे पुढे झालेले नकाशे जागोजागी चुकले. नावं मात्र भरपूर पडली. काही विद्वानांची : निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट, भूगोलतज्ज्ञ पेटरमान, ध्रुवसंशोधक ड्रिगाल्स्की. आणि काही साहेबलोकांची. योकुलशिर्क्या ज्या रांगेत आहे ती म्यूलिश-हॉफमान पर्वतरांग. हे गृहस्थ जर्मन विमान मंत्रालयात अधिकारी होते. पूर्वेकडची रांग वोल्टाट, मोहिमेचा पैशाचा व्यवहार पाहणाऱ्या सरकारी अर्थतज्ज्ञाच्या नावाची. जर्मन भाषेत त्याचं आडनाव ऐकताना ‘सत्कृत्य’ असं ऐकू येतं, हा निव्वळ योगायोग. राक्षसाचं नाव डोंगराला शोभतं. खात्याच्या अधिकाऱ्याचं शोभत नाही, हे माझं मत कुणाला बाळबोध वाटलं तरी चालेल.

महायुद्ध संपलं, जर्मनी हरली, नॉर्वे पाच वर्षांच्या जर्मन ताब्यातून सुटला. आता ही नावं पुसून टाकायला हरकत नव्हती. नॉर्वेने ती पुसली नाहीत. शेवटी फक्त ‘फ्येला’, म्हणजे डोंगर, यासारखं आपलं शेपूट जोडून ठेवून दिली. पण पश्चिमेकडच्या एका रांगेला त्यांनी नाव दिलं हाइमेफ्रंटफ्येला. हाइमेफ्रंट, म्हणजे घरची आघाडी, हे जर्मन ताब्यातल्या नॉर्वेमध्ये लपूनछपून लढणाऱ्यांच्या चळवळीचं नाव. त्या रांगेच्या तुकड्यांची नावंही त्याच घराण्यातली आहेत : मिलोर्गफ्येला ही सशस्त्र संघटनेच्या नावाची, सिव्होर्गफ्येला नागरी संघटनेच्या नावाची, आणि एक्सयू-फ्येला गुप्त माहिती काढणाऱ्या संघटनेच्या नावाची. त्या संघटनेला एक्स आणि यू या दोन अक्षरांपलीकडे नावच नव्हतं. आज एकाच नकाशाच्या कागदावर नाझी सरकारचा अधिकारी आणि त्या सरकारविरुद्ध जीव धोक्यात घालणारे हेर डोंगर होऊन शेजारी उभे आहेत. दोघांवर सारखाच बर्फ पडतो.

जर्मन नावांपैकी एक आपल्या कानावरून गेलेलं असण्याची शक्यता आहे. बोरेआस विमानाचा वैमानिक शिर्माखर याला फेब्रुवारी १९३९ मध्ये बर्फाच्या मधोमध उघड्या तपकिरी टेकड्या आणि शंभरावर डबकी-तळी असलेला एक पट्टा दिसला. तोच शिर्माखर ओअ‍ॅसिस. क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर, आणि तिथे १९८९ पासून भारताचं मैत्री हे केंद्र आहे. पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाला पोचली. या मोहिमांची व्यवस्था पाहणारी राष्ट्रीय संस्था आज गोव्यातच, वास्को-द-गामा इथे आहे. १९८३-८४ च्या मोहिमेत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत होत्या, आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या; अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला या दोघी. सेनगुप्ता गिर्यारोहकही. त्यांनी शिर्माखरच्या खडकांचा अभ्यास केला.

आपणही नावं दिलीच. पहिल्या केंद्राचं नाव दक्षिण गंगोत्री. ते पुढे बर्फाखाली गेलं, पण एका हिमनदीच्या रूपाने नाव शिल्लक आहे, आणि हिमनदीला गंगोत्री म्हणण्यात औचित्यही आहे. मैत्रीच्या दाराशी ज्या तळ्यातून पिण्याचं पाणी घेतात त्याचं नाव प्रियदर्शिनी. पंतप्रधान इंदिरा गांधींचं ते मधलं नाव, हे लक्षात घेतलं की जर्मन साहेबांना हसताना जरा जपून हसावं लागतं.

मैत्रीहून लांडग्याचा सुळा दोनशे किलोमीटरच्या आत आहे. दुसऱ्या बाजूला, शंभर किलोमीटरच्याही आत, ग्रूबर डोंगरात एक तळं आहे. ओटो फोन ग्रूबर हे विमानातल्या छायाचित्रांवरून नकाशे करणारे जर्मन तज्ज्ञ. तळ्याचं नाव उंटरझे, म्हणजे खालचं तळं. शेजारी ओबरझे, वरचं तळं. बोडेनझे या युरोपातल्या मोठ्या सरोवराच्या दोन भागांनाही हीच नावं आहेत. इतकं मुळमुळीत नाव आणि इतकं विलक्षण तळं अशी जोडी दुसरीकडे सापडायची नाही. वर्षभर त्यावर सुमारे तीन मीटर जाडीचं बर्फाचं झाकण असतं, खोली १६० मीटरच्या वर जाते, आणि तळाशी सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले शंकू उभे आहेत, काही अर्ध्या मीटरपर्यंत उंच. पृथ्वीवरचे अगदी सुरुवातीचे जीव अशीच बांधकामं करत होते. त्यांचे तीन अब्ज वर्षांहून जुने अवशेष दगडात सापडतात. इथे तो उद्योग आजही चालू आहे. तळ्याभोवतीचा डोंगर अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या खडकाचा. पौर्णिमेच्या चंद्राचा जो उजळ भाग आपल्याला दिसतो, तो याच जातीच्या खडकाचा आहे.

याच डोंगरांत दगडांच्या कपारींमधून मेणासारखा एक थर सापडतो. हिमपेट्रेल नावाचे पांढरेशुभ्र पक्षी समुद्र सोडून इतक्या आत येऊन कपारीत घरटी करतात, आणि कुणी जवळ आलं की पोटातलं तेल त्याच्या अंगावर थुंकतात. ते तेल वर्षानुवर्षं साचून घट्ट होतं. रशियन आणि जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला मुमियो म्हटलं. मध्य आशियात मुमियो म्हणजे डोंगराच्या कपारीतून पाझरणारं काळं औषधी द्रव्य, आपलं शिलाजीत. ग्रूबर डोंगरातल्या या ‘शिलाजिता’चं वय काढलं तेव्हा ते तीस हजार वर्षांपलीकडे गेलं. म्हणजे जगभर हिमयुग भरात असतानाही या कपारी उघड्या होत्या आणि त्यांत पक्षी नांदत होते. आणखी पश्चिमेला स्वार्टहामारेन, म्हणजे काळा कडा. तिथे समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत अंटार्क्टिक पेट्रेल पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे. प्रत्येक घासासाठी एवढी ये-जा! पुराणातल्या बंधात पक्ष्याची थुंकी वापरून संपली होती म्हणे. इथे तीच वाळून इतिहासाची वही झाली आहे.

आता पर्वताच्या मुळांकडे. सुमारे ६५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे भूखंड एकमेकांवर आदळून गोंडवन नावाचं महाखंड जुळलं. त्या सांध्यावर एक लांबच लांब पर्वतरांग उठली. तिचा एक भाग आजच्या पूर्व आफ्रिकेत आणि दुसरा इथे, क्वीन मॉड लँडमध्ये. त्या टकरीत पृथ्वीचं कवच हिमालयाखाली आज आहे तसं जाड झालं आणि त्याचा तळ खोल दाबला गेला. पर्वत जितका उंच, तितकं त्याचं मूळ खोल. पाण्यात तरंगणाऱ्या हिमनगासारखंच. त्या मुळांत, वीसेक किलोमीटर खोल, प्रचंड उष्णतेत आणि जवळजवळ पाणीच नसताना खडक नव्याने शिजले. मग कोट्यवधी वर्षं वरचा पर्वत झिजत गेला, आणि ओझं कमी होत गेलं तसतसं मूळ वर येत गेलं. १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फुटायला लागलं, आफ्रिका बाजूला सरली, तुटलेली कड उचलली गेली. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी बर्फ आला आणि त्याने त्या कडेला कोरून दात काढले.

हिरडी झिजली की दाताचं मूळ उघडं पडतं, हे दंतवैद्य आपल्याला दर भेटीत ऐकवतो. उल्वेतानाच्या शेजारीपाजारी नेमकं तेच झालं आहे. दिसतो तो सुळा, पण तो ज्या दगडाचा आहे तो दगड नाहीशा झालेल्या पर्वताच्या मुळाचा आहे. पर्वतांना मुळं नसतात असं सांगणाऱ्या कथेतल्या लांडग्याचं नाव नकाशेकारांनी नेमकं या मुळांना दिलं. कुणी ठरवून केलं असतं तर इतकं चपखल जमलं नसतं.

या रांगांमध्ये मुळातला जो दगड फार मोठ्या प्रमाणावर सापडतो, त्याचं नाव चार्नोकाइट. ताजा फोडला तर काळपट हिरवा, किंचित तेलकट. उघड्यावर राहिला की तपकिरी. हे नाव नॉर्वेने दिलेलं नाही आणि जर्मनांनीही नाही. ते भारतात, एका कबरीवरून पडलं. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नोक, ज्याचं नाव कोलकात्याच्या स्थापनेशी जोडलं जातं, त्याच्या थडग्यावरची शिळा याच खडकाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या टॉमस हॉलंड यांनी चेन्नईजवळच्या पल्लावरमच्या टेकड्यांतल्या खडकाचा अभ्यास करताना ती शिळा त्याच जातीची असल्याचं ओळखलं आणि चार्नोकच्या नावाने खडकाचं बारसं केलं.

क्वीन मॉड लँडला जाणं तुम्हाआम्हाला जमायचं नाही. पण कोलकात्याला गेलात, तर सेंट जॉन्स चर्चच्या आवारात वाकडी वाट करून जा. चार्नोकच्या थडग्यावरची ती काळी शिळा तिथे अजून आहे.